सोळा पानांत बसेल तेवढं

(राळेगाव तालुका, वर्धा नदीकाठचं एक गाव. १९६५, दिवाळी होऊन गेलेली. कौसल्याबाईच्या घराची ओसरी. खाटेवर नागपूरच्या अर्थस्वातंत्र्य मंडळाचे चिटणीस बबनराव, सतरंजीवर मंडळाची नवी पुस्तिका लिहिणारी विजयमाला. विजयमालेची सात महिन्यांची मुलगी कौसल्याबाईच्या मांडीवर.)

कौसल्या: थांबा बाई, थांबा. मी रडली म्हून कोनं सांगतलं तुमाले?

विजयमाला: कोणी सांगितलं असं नाही... तुम्ही त्या दिवशी बोलत होता ना, तेव्हा मला वाटलं...

कौसल्या: वाचा बरं पुन्ना.

विजयमाला: 'नाक्यावरील शिपायाने गाठोडे सोडून ज्वारी काढून घेतली, तेव्हा त्या माउलीच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले.'

कौसल्या: घळाघळा! अवो, मी शिव्या देल्या त्याले. त्याच्या मायच्या देल्या, बापाच्या देल्या. नदीवरच्या डोंग्यातले सारे लोक पाहून राह्यलते. डोंगावाला हासला, तं त्यालेबी एक देली.

बबनराव: शिव्या छापता येत नाहीत, कौसल्याबाई.

कौसल्या: मंग रडनंबी नोका छापू. जे झालंच नाई थे.

विजयमाला: खोडते मी.

बबनराव: खोडा, खोडा. अहो, त्यासाठीच तर वाचून दाखवतो आपण. आमच्या मंडळाचा नियम आहे, बरं का. ज्याची हकीकत, त्याला छापण्याच्या आधी वाचून दाखवायची. त्याने 'बरोबर' म्हटलं तरच मजकूर प्रेसमध्ये जातो. संस्थापकांनी घालून दिलेली शिस्त आहे. आजवर अडलं नाही कुठे. लोक ऐकतात, मान हलवतात, चहा पाजतात.

कौसल्या: चहा तं तुमी पेलेच आत्ता. पन हे मंडळ म्हनजे काय होय? भजनाचं तं नोहे.

बबनराव: नाही, नाही. असं पाहा, धान्य कोणी विकायचं, कुठे न्यायचं, काय भावाने द्यायचं, हे सगळं आता सरकार ठरवतं. जिल्ह्याबाहेर पसाभर ज्वारी न्यायची तरी परवाना. हे चूक आहे, यानं टंचाई वाढते, हे आम्ही आकडे देऊन, तुमच्यासारख्यांच्या तोंडून लिहून काढतो. मग ती पुस्तिका आमदारांच्या हातात ठेवतो. पुढल्या महिन्यात नागपूरला अधिवेशन आहे. त्याच्या आत ही निघाली पाहिजे.

कौसल्या: अन् थे वाचतात?

बबनराव: काही जण वाचतात.

कौसल्या: किती वर्सं झाले मंडळाले?

बबनराव: नऊ.

कौसल्या: कोनता कायदा बदलला मंग?

बबनराव: विचार रुजायला वेळ लागतो, बाई. तूर नाही ती, की आषाढात पेरली आणि पौषात कापली.

विजयमाला: मावशी, तिच्या तोंडात काय आहे? बघा ना जरा. काहीतरी चघळतेय ती.

कौसल्या: माहं बोट हाये. दात येऊन राह्यले तिले. भेऊ नोका, बोट धुतलं होतं मी. वाचा पुढं.

विजयमाला: 'रुखमाबाई नावाच्या या मजूर स्त्रीची लेक नदीपलीकडे वर्धा जिल्ह्यात दिलेली. ती बाळंत झाल्याचे कळताच आई दोन पायल्या ज्वारी...'

कौसल्या: रुखमाबाई कोन?

विजयमाला: तुम्हीच. नाव बदललंय मी. तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून.

कौसल्या: अवो माय! रुखमा तं आमच्या सरपंचाची सासू होय. तिची पोरगी गावातच देली, गोठाभर म्हशी हायेत तिच्या घरी. हे आयकलं तं रुखमा लुगडं खोचून येईन इथी. म्हनन, माह्या नावानं जवारी कोन मागून राह्यलं?

विजयमाला: मग... मथुराबाई करू?

कौसल्या: मथुरा माही जाऊ. बोलनंचालनं नाई आमचं.

विजयमाला: मैनाबाई?

कौसल्या: थे मेली मागच्या साली. पन तिचा लेक मायपेक्षा भांडखोर हाये.

बबनराव: झालं! साठ घरांचं गाव हे, विजयाबाई. तुम्ही कुठलंही नाव काढा, ते धारण करणारी बाई हंडा घेऊन विहिरीवर उभी असणारच. कॉलेजात शिकवतात ना, नावं बदला म्हणून, ते पुण्या-मुंबईला ठीक. मी तर म्हणतो, खरंच नाव घाला. खऱ्या नावाला वजन असतं. कौसल्याबाई डोमाजी मुनेश्वर. पुढे गावाचं नाव. आमदाराला हवं तर त्याने येऊन विचारावं.

कौसल्या: नाई, नाई. नाव नोको.

बबनराव: का बरं? नाक्यावर शिपायाच्या बापाचा उद्धार केलात, आणि आता नावाला भिता?

कौसल्या: भेत नाई मी. पन सध्या नोको. आमचा अर्ज हाये तहसिलात. गावाले कंट्रोलचं दुकान येऊन राह्यलं, रास्त भावाचं. दोनच अर्ज हायेत. एक आमचा, एक सरपंचाच्या भाच्याचा. डोमाजी आज त्याच कामाले राळेगावले गेले. सोमवारी इच्चारपूस हाये, अन् निकाल नवीन साल लागल्यावर.

बबनराव: कंट्रोलचं दुकान? तुम्हाला हवंय?

कौसल्या: काहून? आमाले नसते पायजे का?

बबनराव: तसं नव्हे...

विजयमाला: मावशी, हे मला माहीत नव्हतं. मागच्या खेपेला तुम्ही बोलला नाहीत.

कौसल्या: तुमी इच्चारलं का? तुमी नाक्याचं इच्चारलं, मी नाक्याचं सांगतलं. काहून, काय झालं? चेहरा काहून उतरला?

विजयमाला: सातव्या पानावर... बबनराव, वाचू ना?

बबनराव: नियमच आहे. वाचा.

विजयमाला: 'या मातेचा अनुभव एकच गोष्ट सांगतो. नाके उठवावेत, आणि त्यांच्या जोडीने उभी राहिलेली नियंत्रित धान्याची दुकानेही बंद करून व्यापार पूर्ववत खुला करावा.'

कौसल्या: म्हनजे माह्याच तोंडून माहं दुकान बंद करून राह्यले तुमी. अजून खुललंबी नाई थे.

विजयमाला: मावशी...

कौसल्या: तुमाले नाई बोलत, माय. पन सरपंच काय करन सांगू? हे पुस्तक आनन अन् तहसीलदाराच्या टेबलावर ठेवन. म्हनन, पाहा साहेब, दुकान कोनाले देऊन राह्यले तुमी. याची बाई सरकारच्या इरोधात पुस्तकं छापून राह्यली.

बबनराव: मी एक विचारू, कौसल्याबाई? रागावू नका. हे लायसन्स म्हणजे गळ्यातलं दावं. आज तहसीलदार देईल, उद्या त्याची मर्जी फिरली की काढून घेईल. सकाळी उठून सलाम ठोकायला जावं लागेल. मी पाहिलंय ना. त्रेचाळीस साली, महायुद्धाच्या दिवसांत, गोदामात ज्वारीला टोके पडले होते आणि बाहेर बाया रांगेत उभ्या होत्या. आत धान्य सडतंय, बाहेर रांग! का, तर वरून हुकूम आला नाही. त्या दिवसापासून मी या कामात आहे. त्यापेक्षा साधं किराणा दुकान टाका. त्याला कोणाचं तोंड बघायला नको.

कौसल्या: टाकलं होतं.

बबनराव: मग?

कौसल्या: बसलं.

बबनराव: भाव जास्त लावला असेल. नाहीतर माल नीट नसेल. गिऱ्हाईक मूर्ख नसतं हो, चार पैसे वाचले तर कोसभर चालत जातं...

विजयमाला: अगं अगं, रडू नको. मावशी, आणा इकडे. तहान लागली असेल तिला.

कौसल्या: हे घ्या, वाटीत पानी...

विजयमाला: नको, नको! ते नका देऊ तिला! म्हणजे... पिशवीत आहे. माझ्या पिशवीत बाटली आहे.

कौसल्या: बरं.

विजयमाला: मावशी, तसं नाही हो. उकळलेलं आहे म्हणून. मागच्या महिन्यात जुलाबानं हातची जात होती ती. यवतमाळला माझ्या आईच्या घरचंसुद्धा पाणी देत नाही मी तिला. आई रुसून बसलीय.

कौसल्या: मी काई म्हटलं का?

विजयमाला: नाही. पण तुमचा हात झटकन मागे गेला.

कौसल्या: हाताले सवय हाये त्याची. पाजा, पाजा तिले. तुमचं मी समजली, लेकराच्या मायचं काळीज हाये. पन साहेब इच्चारून राह्यले ना, दुकान कसं बसलं? हे असंच बसलं. कोनी भांडलं नाई, कोनी दगड मारला नाई. आले, पाह्यलं, 'नोको' म्हटलं. 'घरी हाये' म्हटलं.

बबनराव: कधीची गोष्ट?

कौसल्या: दीक्षा घेऊन आलो नागपूरहून, त्याच्या दुसऱ्या साली. डोमाजी जिनिंगमधी कामाले होते, चार पैसे गाठीशी होते. म्हने, आता लोकाच्या बांधावर नाई जायचं, दुकान मांडायचं. बजारच्या रस्त्यावर खोली घेतली. मीठ, तेल, गूळ, माचिस, साबन, इड्या. मी शेन-मातीनं सारवलं, दारी रांगोळी काढली.

विजयमाला: आणि लोक आलेच नाहीत?

कौसल्या: आले ना. आमच्या वस्तीतले आले, पन त्याईले मजुरी धान्यात भेटे, नगद कुठून आनतीन? अन् शेतकऱ्याच्या बायाबी आल्या. माचिस नेली, साबन नेलं.

बबनराव: पाहा! म्हणजे येत होत्या.

कौसल्या: माचिस डबीत राह्यते, साहेब. साबनाले कागद राह्यते. मीठ आमाले हातानं द्या लागे. तेल मापानं ओता लागे, गूळ फोडा लागे. थे नाई नेलं कोनी. गुळाले मुंग्या लागल्या. माचिस अन् साबनावर दुकान चालते का?

बबनराव: हं.

कौसल्या: आठ महिने चाललं. मंग खोली सोडली. तुमाले हे सांगतलं नसतं मी. पन तुमी कप हाती देल्याबरोबर तोंडाले लावला, म्हून सांगतलं.

विजयमाला: पण मावशी, कंट्रोलच्या दुकानातही हातानंच मोजून द्यायचं ना? तिथे तरी येतील का?

कौसल्या: येतीन. आमच्या नात्यातला धर्मपाल हाये, तिकडे, दोन कोसावर. त्याले भेटलं दुकान. लाल मिलो, थे अमेरिकेची जवारी, अन् गहू राह्यते. गावात दुसरीकडे गहूच नाई, तं जातीन कुठी? पाटलाची बाई पिशवी धरते अन् धर्मपाल ओतते. पयल्या हप्त्यात तिनं गहू घरी नेऊन धुतले म्हने, अंगनात वाळू घातले. दुसऱ्या हप्त्यातबी धुतले. मंग कटाळली. सारं धुवाचं, वाळवाचं, कोन करत बसन? आता तशीच दळाले नेते.

बबनराव: ही सक्ती झाली, कौसल्याबाई. गरजेपोटी आली ती. उद्या धान्य सगळीकडे मिळायला लागलं की जाईल परत जुन्या दुकानात.

कौसल्या: जाईन तं जाईन. दहा वर्सं तं ओतन धर्मपाल तिच्या पिशवीत. तवरक तिच्या पोराईले तरी काई वाटनार नाई त्यात.

विजयमाला: तुमच्याच पुस्तिकेनं ती दुकानं बंद झाली तर, बबनराव?

बबनराव: तुमची पुस्तिका आहे ती, विजयाबाई. नाव तुमचं आहे वर.

कौसल्या: भांडू नोका. नऊ वर्सात एक कायदा नाई बदलला म्हनता ना? मंग घोर नाई. तवरक चालते आमचं दुकान.

बबनराव: हे बरं आहे! माझ्याच घरात मला... असो, तुमचंच घर आहे हे.

विजयमाला: मी काढून टाकते तो मजकूर. नाक्याचा सगळाच. तुमच्या अर्जाला धक्का नको, मावशी.

बबनराव: विजयाबाई, तोच तर गाभा आहे! बाकी सगळे आकडे आहेत. आकडे कोण वाचतो? चार महिने हिंडलात तुम्ही या मुलीला काखेत मारून.

विजयमाला: हिंडले. पण यांनी 'नको' म्हटलं, तर नियम काय आहे?

बबनराव: नियम... नियम काढून टाकायचा असाच आहे.

कौसल्या: मी नोको कुठी म्हटलं? माह्या सुगंधानं पाच रोज निस्ती पेज पेली. सासरी धान्य नव्हतं म्हून तं मी घेऊन गेली होती. दूध आटलं तिचं. लेकरू वाचलं, पन अजून त्याच्या पायात जोर नाई, दीड वर्साचं झालं तरी बसूनच राह्यते. अन् माही जवारी कुठी गेली थे नाक्यावाल्याले ठाऊक. परवाना आना म्हने. परवाना भेटला तवरक बारसं होऊन गेलतं. हे कोनी तरी लिहाले पायजे का नाई?

विजयमाला: पायजे... हवं.

कौसल्या: मंग काढता कायले?

विजयमाला: पण मग दुकान?

कौसल्या: थेच सांगून राह्यली. निस्तं नाक्याचं छापलं, तं तहसीलदार म्हनन, बाई सरकारच्या इरोधात हाये. निस्तं दुकानाचं छापलं, तं सुगंधाचं राहून जाते. दोनी छापा. माह्याच नावानं छापा. नाका वाईट, दुकान चांगलं. मंग सरपंच नेईना का टेबलावर. वाचू दे तहसीलदाराले पुरं.

बबनराव: कौसल्याबाई, असं नसतं हो. पुस्तिकेला एक म्हणणं असावं लागतं. एका पानावर कंट्रोल नको, दुसऱ्या पानावर कंट्रोल बरं. विरोधक तेवढंच पान फाडून सभागृहात नाचवतील. मंडळाची मुंबईची वरिष्ठ कमिटी मला विचारेल, बबनराव, तुम्ही मंडळाचे चिटणीस की पुरवठा खात्याचे?

कौसल्या: माहं म्हननं एकच हाये. तुमच्या कागदात दोन होऊन राह्यले, तं मी काय करू?

बबनराव: आणि जागा कुठे आहे? सोळा पानांचा एक फर्मा असतो, एका वेळी छापून दुमडतात तो. आपली सोळा पानं भरलीत. सतरावं पान घातलं की दुसरा फर्मा, म्हणजे कागद, छपाई, बांधणी, सगळं नव्यानं. अधिवेशनाच्या आत होत नाही ते.

विजयमाला: एक करता येईल. काहीतरी काढायचं.

बबनराव: काय काढणार? आकडे काढता येत नाहीत. नाका ठेवायचाय.

विजयमाला: प्रस्तावना.

बबनराव: माझी?

विजयमाला: तुमचीच आहे ना ती.

बबनराव: अहो, मुंबईहून खास पत्र आलं तिच्याबद्दल! इंग्रजी करून घेणार आहेत तिचं.

कौसल्या: काय हाये त्यात? वाचा ना. माह्याबद्दल असन तं मले आयका लागन.

विजयमाला: तुमच्याबद्दल म्हणजे... तसं पाहिलं तर आहे. वाचू, बबनराव?

बबनराव: ...वाचा.

विजयमाला: 'खुला बाजार हा मानवाने उभारलेला सर्वांत उदार दरबार आहे. तेथे राजा-रंक समान. बाजार माणसाची जात विचारत नाही, धर्म विचारत नाही. तो विचारतो केवळ मालाचा कस आणि मालाचा भाव.'

कौसल्या: चांगलं लिहिलं.

बबनराव: चांगलं म्हणता?

कौसल्या: आयकाले गोड लागते. कोन्या गावचा बाजार होय हा, साहेब? डोमाजीले सांगतो, तिथी नेऊन मांडू दुकान.

विजयमाला: हे आपण आजवर कोणाला वाचून दाखवलंच नव्हतं. नियम फक्त हकीकतीला लावतो आपण.

बबनराव: प्रस्तावना ही कोणाची हकीकत नसते, विजयाबाई.

विजयमाला: मग ती कशाच्या आधारावर लिहितात?

बबनराव: वाचनाच्या. विचाराच्या. तुम्ही एम.ए.ला हेच वाचलंत.

विजयमाला: वाचलं. पेपरात लिहिलं आणि मार्कही मिळाले. मला अजूनही ते पटतं, बबनराव. नाका उठलाच पाहिजे. पण दुकानाचं पान गेलं नाही तर वर माझं नाव नको. तुमचं घाला.

बबनराव: ही धमकी समजू का?

विजयमाला: नाही. धमकी द्यायला येत नाही मला. रात्रभर झोप येणार नाही एवढंच. तशीही ही झोपू देत नाही.

कौसल्या: झोपली पाहा थे. माह्या खांद्यावर. लाळ गाळून राह्यली. नोका उचलू, उठन.

विजयमाला: मान तिरकी तर नाही ना तिची?

कौसल्या: पाच वाढवले मी, माय.

बबनराव: हॉर्न वाजला का? राळेगावची गाडी असेल. उठा विजयाबाई, चुकली तर पंचाईत.

कौसल्या: तीच होय. अजून चढावर हाये, पारापाशी याले येळ लागन. निघा तं निघा. अन् काय ठरलं थे सांगून जा. डोमाजी येतीन संध्याकाळी, इच्चारतीन.

विजयमाला: माझं मी सांगितलंय.

बबनराव: प्रस्तावना किती पानं आहे आपली? दीड ना?

विजयमाला: पावणेदोन.

बबनराव: पावणेदोन. खाली फोटोची चौकट सोडलीय, तीही धरली तर दोन. दोन पानांत बसायला हवं, विजयाबाई. एक ओळ जास्त चालणार नाही. आणि रांगोळीबिंगोळी नको. सरळ लिहायचं.

विजयमाला: गाडी?

बबनराव: दुसरी केव्हा आहे, कौसल्याबाई?

कौसल्या: दिवेलागनीले.

बबनराव: मग जाऊ द्या ही. घ्या लिहून. मी विचारतो. मुंबईवाले जे जे विचारतील तेच विचारतो, म्हणजे नंतर तोंड द्यायला बरं. माल कुठून आणत होते डोमाजी?

कौसल्या: हिंगनघाटहून. सायकलवर.

बबनराव: माल कसा असायचा?

कौसल्या: गावचा जुना दुकानदार ज्या पेढीवरून आने, तिथूनच. एकाच पोत्यातला म्हना.

बबनराव: काटा, मापं?

कौसल्या: सरकारी छापाचे. नवे कोरे.

बबनराव: उधारी देत होता?

कौसल्या: थो देत होता म्हून आमीबी देऊ म्हटलं.

बबनराव: आणि भाव?

कौसल्या: त्याच्याहून कमी.

बबनराव: कशाचा? साबणाचा?

कौसल्या: मिठाचा, तेलाचा, गुळाचा. साऱ्याचाच.

बबनराव: तरी?

कौसल्या: तरी.